आपण मूळचे कुठले?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्यासारख्या प्रसंगी शिक्षणाच्या महत्त्वावर चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो विषय माझ्यानंतर बोलणारे वडीलधारे अधिक अधिकाराने मांडतील. मी आज थोडा वेगळा विषय घेतला आहे आणि तो मला विद्यार्थ्यांनीच दिला आहे. इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, तोंडातली लाळ नळीत भरून पाठवली की आपण मूळचे कुठले ते कळते म्हणतात, ते खरे काय? माझ्या परदेशातल्या मामूंनी तशी तपासणी केली आहे." हा प्रश्न निघताच वर्गात एकच गलका झाला. कोणी म्हणाला, आम्ही अरबस्तानचे. कोणी म्हणाला, आमचे पूर्वज इराणातून आले. एकाने तर आपण अस्सल पठाण असल्याचे जाहीर करून टाकले. मी त्यांना सांगितले, "ठीक आहे. आता प्रत्येकाने आपल्या वहीत आजोबांचे, पणजोबांचे आणि पणजीचे नाव लिहावे." आजोबांचे नाव सर्वांनी लिहिले. पणजोबांच्या नावाशी पुष्कळांची लेखणी अडखळली. पणजीचे नाव लिहिणारी मुले मात्र बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

हजार वर्षांपूर्वीचे अरबस्तान आमच्या मुलांना ठाऊक आहे आणि शंभर वर्षांपूर्वी याच गावात चूल पेटविणारी पणजी ठाऊक नाही! याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधावे म्हणून मी आज उभा आहे.

प्रथम ही तपासणी काय आहे ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीरातील पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते आणि एक वडिलांकडून. या गुणसूत्रांत डी.एन.ए. नावाच्या द्रव्याचा लांबच लांब धागा असतो. त्यावर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला आहे असे समजा. कोणत्याही दोन माणसांचा हा मजकूर जवळजवळ ९९.९ टक्के सारखाच असतो. मग तो मक्केचा असो, मालेगावचा असो वा मॉस्कोचा असो. उरलेल्या बारीकशा फरकांपैकी काही लाख ठिकाणे कंपनी तपासते आणि आपल्या संग्रहातील निरनिराळ्या देशांच्या लोकांशी ताडून पाहते. ज्यांच्याशी अधिक साम्य दिसेल, त्यांच्या प्रदेशाचे नाव आणि पुढे टक्केवारी लिहून आपल्याला पाठविते.

हा व्यवसाय २००० सालच्या सुमारास अमेरिकेत सुरू झाला. २००७ मध्ये 'ट्वेंटी-थ्री अँड मी' या कंपनीने लाळेची तपासणी ९९९ डॉलरला विकावयास काढली. तिच्या नावातले तेवीस म्हणजे मघाशी सांगितलेल्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्याच होत. २०१२ अखेरीस हीच किंमत ९९ डॉलरवर आली आणि लक्षावधी लोकांनी ती नळी घरी मागविली. सणासुदीला एकमेकांना भेट म्हणूनही ती देण्याची चाल तिकडे पडली.

आता या टक्केवारीवर कितपत विसंबावे? एक साधे उदाहरण देतो. आपल्या कोकणातला माणूस समोरच्याचे बोलणे ऐकून सांगेल की हा दापोलीचा, हा महाडचा आणि हा भिवंडीचा. कारण ती बोली त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. परंतु दक्षिणेकडचे चार प्रवासी गाडीत भेटले, तर तो चौघांनाही एकच 'मद्रासी' म्हणून मोकळा होतो. त्यांच्यातला एखादा मंगळूरचा असेल, एखादा मदुराईचा असेल. पण ऐकण्याची सवय नसल्याने याला फरक कळत नाही. कंपनीचेही तसेच आहे. तिच्या संग्रहात ज्या लोकांचे नमुने भरपूर, त्यांच्याविषयी ती बारकाईने सांगते. ज्यांचे नमुने थोडे, त्यांच्याविषयी ढोबळ बोलते. युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने तिच्याकडे फार मोठ्या संख्येने आहेत, त्या मानाने आपल्या बाजूचे कमी. शिवाय तिची तुलना आज जिवंत असलेल्या लोकांशी असते. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात किंवा सिराफ बंदरात राहणाऱ्या माणसांची लाळ तिच्यापाशी नाही. संग्रह वाढला की तिचा हिशेब बदलतो आणि त्याच माणसाची टक्केवारी पुढील वर्षी निराळी येते. २०१९ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या एका कार्यक्रमासाठी दोन एकसारख्या जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांकडे नमुने पाठविले. दोघींचा डी.एन.ए. जवळजवळ तंतोतंत एकच असूनही कंपन्या-कंपन्यांची उत्तरे जुळली नाहीत. इतकेच काय, एकाच कंपनीने दोघी बहिणींना वेगवेगळी टक्केवारी दिली. यात लबाडी आहे असे माझे म्हणणे नाही. तो अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच वाचला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित करू. तुम्हाला आई-वडील दोन. आजोबा-आजी दोन्हीकडचे मिळून चार. त्यांच्या मागच्या पिढीत आठ, मग सोळा, मग बत्तीस. असे दुप्पट करीत गेलात की दहाव्या पिढीत, म्हणजे सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांमागे, १०२४ जागा होतात. त्यांतल्या ५१२ पुरुषांच्या आणि ५१२ स्त्रियांच्या. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस नात्यांत निकाह होतात, म्हणून काही जागांवर तेच नाव पुन्हा येईल. सख्ख्या चुलत भावंडांचा निकाह झाला असेल, तर त्यांच्या मुलांना आठाऐवजी सहाच पणजोबा-पणज्या असतात. तरीसुद्धा दहाव्या पिढीत आपले पूर्वज शेकड्यांनीच मोजावे लागतील. आता आपण खानदानाचा शजरा काढतो तेव्हा काय करतो? बापाचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप अशी एकच रेघ वर नेतो. म्हणजे १०२४ जागांपैकी एकाच जागेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, आम्ही अमुक देशाचे. ती रेघ शंभर टक्के खरी धरली, तरी उरलेल्या १०२३ जागांचे काय? आणि त्या ५१२ स्त्रियांचे काय?

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूल जन्मते तेव्हा आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा अंश त्याला मिळतो, उरलेला गळतो. पिढ्यांमागून पिढ्या अशी गळती होत गेल्यामुळे त्या शेकडो पूर्वजांपैकी पुष्कळांचा डी.एन.ए. आज आपल्या शरीरात शिल्लकच नसतो. ते आपले पूर्वज होते, यात शंका नाही. पण लाळेच्या नळीत त्यांचा मागमूस लागणार नाही.

पित्याच्या रेघेसाठी वाय गुणसूत्र तपासतात. ते बापाकडून मुलालाच मिळते. मातेच्या रेघेसाठी मायटोकाँड्रियाचा डी.एन.ए. तपासतात. तो मात्र आई आपल्या मुलांना आणि मुलींना, सर्वांनाच देते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या प्रत्येक पुरुषाच्या अंगात त्याच्या नानीची, तिच्या आईची, तिच्याही आईची खूण आहे. आपल्या शजऱ्यात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांची नोंद निसर्गाने ठेवली आहे.

इतिहास याविषयी काय सांगतो? पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूट राजांच्या काळातले ताम्रपट सापडले आहेत. त्यांतील इ.स. ९२६ च्या ताम्रपटावरून असे दिसते की, संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी आपल्या किनाऱ्यावर येऊन गेला. सैमूर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल, येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते, ते येथेच निकाह करून स्थायिक झाले होते आणि येथेच जन्मलेलेही पुष्कळ होते. हे लक्षात घ्या की गलबतातून आले ते बहुतेक खलाशी आणि व्यापारी, म्हणजे पुरुष. त्यांनी ज्या घरांत संसार थाटले, त्या घरांतल्या स्त्रिया याच मातीतल्या होत्या. त्यांनीच आपल्या तोंडी कोकणी-मराठी घातली आणि तांदळाची भाकरी व माशाचे कालवण आपल्या ताटात वाढले.

शास्त्रज्ञांच्या संशोधनातही साधारण हेच चित्र दिसते. भारतातील मुसलमानांच्या काही समूहांची डी.एन.ए. तपासणी करून २००९-१० च्या सुमारास निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतला निष्कर्ष असा की, हे लोक प्रामुख्याने आपापल्या प्रदेशातील शेजाऱ्यांसारखेच आहेत. पश्चिम आशिया, अरबस्तान आणि आफ्रिका यांचा अंश काही समूहांत दिसतो, पण तो थोडा आहे. २०१० मध्येच भारत-पाकिस्तानातील स्वतःला सय्यद म्हणविणाऱ्या लोकांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात अरब अंश काहीसा अधिक आढळला. परंतु सर्वांचा मिळून अलीकडच्या काळातला एकच पितृपुरुष असल्याचे मात्र दिसले नाही. कोणाच्या घराण्याचा अवमान व्हावा म्हणून मी हे सांगत नाही. अनेक शतकांच्या उलाढालीत कोण कोणत्या नावाने ओळखले गेले, याचा हिशेब किती गुंतागुंतीचा असतो, एवढेच त्यावरून कळते.

आणि हे आपल्यापुरतेच खरे आहे असे नाही. रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायल हे आपले जुने शेजारी. गावावरून पडलेली 'कर' शेवटाची आडनावे त्यांचीही आणि आपलीही. २०१६ च्या संशोधनात त्यांच्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले. २०१७ मध्ये पारशी समाजाविषयी असेच संशोधन झाले. तेथेही इराणी वारशाबरोबर मातेच्या बाजूने भारतीय अंश लक्षणीय निघाला. आपल्याकडच्या सिद्दी लोकांच्या २०११ च्या अभ्यासात आफ्रिकेचा वारसा आणि भारताचा वारसा एकत्र दिसला. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेले २००९ आणि २०१३ चे संशोधन तर असे सांगते की, भारतातील बहुतेक सर्व जातिजमाती प्राचीन काळी झालेल्या मिश्रणातूनच बनल्या आहेत. ज्या देशात सारेच मिसळलेले आहेत, त्या देशात शुद्ध रक्ताचा गर्व कोणी कोणासमोर मिरवावा?

आपल्या दीनची शिकवण तर या बाबतीत स्पष्टच आहे. कुरआन शरीफच्या सूरह अल्-हुजुरातमध्ये अल्लाहतआलाने माणसांची कुळे आणि कबिले का केले ते सांगितले आहे: एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि अल्लाहजवळ मान आहे तो परहेजगारीला. अखेरच्या हजप्रसंगी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी अरबाला गैरअरबावर आणि गैरअरबाला अरबावर कसलेही श्रेष्ठत्व नसल्याचे बजावले. हजरत बिलाल हे हबशी होते, हजरत सलमान हे इराणी होते. त्यांचा दर्जा कोणी शजरा पाहून ठरविला नाही. दुसऱ्या बाजूने, नातीगोती जोडून ठेवता यावीत इतपत आपले नसब जाणून घ्या, अशीही पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. म्हणजे पूर्वजांची जिज्ञासा वाईट नाही. नाते जोडण्यासाठी ती असेल तर नेकी आहे, दुसऱ्याला खाली दाखविण्यासाठी असेल तर जाहिलियत आहे. आपण मात्र मुलीचे स्थळ पाहताना मुलाच्या शिक्षणाआधी आणि स्वभावाआधी बिरादरी विचारतो. मोमीन आणि कोकणी, शेख आणि बागवान यांच्यात आपण उभ्या केलेल्या भिंती कोणत्या आयतीत सांगितल्या आहेत, हे प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे.

मग ही लाळेची तपासणी सर्वस्वी निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांचेच पाहा. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पकडून नेऊन गुलाम केले गेले. नावे बदलली, भाषा गेली, धर्म गेला. १८७० पूर्वीच्या तेथील जनगणनेत गुलामांची नावेसुद्धा लिहीत नसत. मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग तेवढे नोंदवीत. त्यामुळे १८७० च्या मागे गेले की त्यांच्यापुढे जणू भिंतच येते. ॲलेक्स हॅले या लेखकाने १९७६ साली 'रूट्स' हे पुस्तक लिहिले आणि आपल्या घराण्याचे मूळ गँबिया देशातील जुफुरे या गावी असल्याचे सांगितले. पुढल्याच वर्षी त्याची दूरदर्शन मालिका निघाली आणि सारी अमेरिका ती पाहत बसली. त्या पुस्तकातील वंशवृत्तांतावर पुढे अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले. पण आपणही आपले गाव शोधावे, ही ओढ त्यामुळे लाखो लोकांच्या मनात जागी झाली, हे नाकारता येत नाही. ज्यांचे सर्व कागद हिरावले गेले, त्यांना डी.एन.ए. तपासणीने आफ्रिकेचा एखादा प्रदेश दाखविला किंवा दूरचा एखादा नातलग मिळवून दिला, तर ती फार मोठी गोष्ट आहे. लहानपणी दत्तक देऊन परदेशी नेलेल्या मुलांनाही याच मार्गाने आपली माणसे सापडली आहेत.

आपली परिस्थिती तशी नाही. आपल्यापाशी कागद आहेत, बुजुर्ग आहेत, गावे आहेत. आपण ती उघडून पाहत नाही इतकेच.

तपासणी करू इच्छिणाऱ्यांनी तिचे धोकेही समजून घ्यावेत. डी.एन.ए. एकट्याचा नसतो. तुम्ही नळी पाठविली की तुमच्या भावाबहिणींची, मुलांची, चुलत-मावस भावंडांची माहितीही काही अंशी त्याबरोबर जाते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. २०१८ मध्ये अमेरिकेत अनेक वर्षे न सापडलेला एक खुनी पकडला गेला. त्याने स्वतः कधी तपासणी केली नव्हती. त्याच्या दूरच्या नातलगांच्या नमुन्यांवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. तो पकडला गेला हे उत्तमच झाले, पण नातलगाच्या नमुन्यावरून काय काय शोधता येते हेही त्यातून दिसले. २०२३ मध्ये ट्वेंटी-थ्री अँड मी कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लक्षावधी लोकांच्या नमुन्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न न्यायालयात गेला. बँकेचा परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. शरीरातला डी.एन.ए. कसा बदलणार? याखेरीज काही घरांत या तपासणीतून अशी गुपिते बाहेर पडली आहेत की, वर्षानुवर्षांचे संसार हादरले. म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय आणि कुतूहलाच्या भरात कोणीही ती करू नये.

रक्ताच्या तपासणीवर खर्चच करावयाचा असेल, तर पालकांनो, तो थॅलेसेमियासाठी करा. नात्यात निकाह ठरवीत असाल तर जरूरच करा. वधू आणि वर दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो गंभीर आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. निकाहापूर्वी केलेली साधी रक्ततपासणी ही गोष्ट सांगू शकते. आपला पूर्वज बगदादचा होता की बऱ्हाणपूरचा, यापेक्षा येणाऱ्या लेकराचे आरोग्य मोलाचे आहे.

आता कागदांकडे वळू. आपल्या आडनावांतच केवढा इतिहास आहे! काझी, खतीब, मुल्ला, मुजावर ही दीनच्या सेवेची. देशमुख, मुकादम, पटेल, इनामदार ही गावकारभाराची. अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार ही हुन्नराची. आणि कितीतरी आडनावे निव्वळ गावाच्या नावावरून पडलेली. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांपैकी अनेकांचे पूर्वज १८५७ नंतरच्या काळात आजच्या उत्तर प्रदेशातून हातमाग घेऊन इकडे आले. पोटासाठी शेकडो कोस चालत येऊन ज्यांनी नवे शहर उभे केले, त्यांची कहाणी कोणत्याही सरदार घराण्याच्या कहाणीपेक्षा कमी नाही.

या कागदांची किंमत व्यवहारातही किती आहे, ते पाहा. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार यांसारख्या अनेक मुस्लिम व्यवसाय-गटांचा समावेश इतर मागासवर्गांच्या यादीत आहे. त्याचा दाखला काढावयाचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याला गुण उत्तम होते, प्रवेशाची तारीख जवळ आली होती आणि पुरावा काही मिळेना. जो तो त्याच्या वडिलांना सांगे, आपण तर शेख, आपली कसली जात! अखेर त्याच्या दादीने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडावयास लावली. तळाशी दादाजींचा मराठी शाळेतला चौथीचा दाखला निघाला आणि त्यावर 'मोमीन' असे स्वच्छ लिहिलेले होते. तो मुलगा आज अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जगातील कोणत्याही कंपनीच्या टक्केवारीचा कागद त्या कचेरीत चालला नसता.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत करावयाची कामे सांगतो. पहिले काम, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. त्यांना शजरा विचारू नका. त्यांचे माहेर कोणते, त्या काळी कामधंदा काय होता, गाव का सोडले, घरात कोण कोण होते, असे विचारा. ते बोलत असताना फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा आणि नंतर वहीत उतरून काढा. दुसरे काम, वंशवृक्ष काढताना प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि तिचे गाव लिहा. तिसरे काम, कागद गोळा करा: आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा, जुने फेरफार, निकाहनामे, जहाजावर नोकरी केलेल्यांची जुनी पुस्तके, मशिदीच्या जमाखर्चाच्या वह्या. कबरस्तानातील शिलालेखांचीही छायाचित्रे घ्या. पुष्कळ जुने कागद मोडी लिपीत असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका. मुंबई आणि पुणे येथे सरकारी पुराभिलेखागारे आहेत, मोडी वाचणारे जाणकार आहेत. आणि तुमच्यापैकी दोघा-चौघांनी मोडी शिकून घेतली, तर साऱ्या गावावर उपकार होतील.

फेरफार पाहताना एक गोष्ट बारकाईने पाहा आणि हे मी पालकांनाही सांगतो. वारसनोंदीत मुलींची नावे आहेत काय? आपल्या शरीअतने मुलीला वारसा दिला आहे. असे असताना ज्या फेरफारात भावांची नावे आहेत आणि बहिणींची नाहीत, तेथे एका स्त्रीचे नाव गाळले गेले आणि तिचा हक्कही गेला. शजऱ्यातून नाव जाणे आणि सातबाऱ्यावरून नाव जाणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपल्या पिढीत तरी अशी चूक राहिली असेल, तर संबंधित बहिणी आणि फुफ्या हयात असेपर्यंत ती दुरुस्त करा. पूर्वजांचा शोध घेताना एवढे जरी साधले, तरी तो शोध सार्थकी लागला असे मी म्हणेन.

संस्थेच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे की, विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या अशा वह्यांसाठी ग्रंथालयातील एक कपाट राखून ठेवावे. कागदांच्या प्रती तेथे जपून ठेवता येतील आणि मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी राहतील. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतील निवडक भाग छापावा. कोणाचे खानदान मोठे, हे त्यात पाहू नये. कोणाच्या दादीने गलबतावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत शेती कशी केली, कोणाच्या आजोबांनी मागावर बसून मुलांना कसे शिकविले, हे त्यात यावे. आपल्या गावांचा खरा इतिहास त्यातूनच लिहिला जाईल.

आपले बुजुर्ग हे वाहते पाणी आहे. आज ओंजळ धरली नाही तर उद्या ते पुढे निघून जाईल. वही आणि पेन्सिल यांना ९९ डॉलर लागत नाहीत. ज्यांच्या घरी आज दादी-नानी हयात आहेत, त्यांनी हे काम या आठवड्यातच सुरू करावे, अशी कळकळीची विनंती करून मी माझे भाषण संपवितो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.